उलटा टाका

मोडेमला मारून इंटरनेट सुधारत नाही हे मला कळतं. अगदीच काही मी धोंडा नाही. तरी त्या संध्याकाळी हातोडी उलटी धरून दांड्याने मी त्याच्या टाळक्यात दोन हाणल्या. त्याचे सगळे हिरवे दिवे ऐटीत जळत होते, हे सगळ्यात संतापजनक. आजारी आहेस तर निदान आजारी दिस की रे मेल्या!

"आई, दिसतंय का?" फोनमधून माझी लेक विचारत होती.

"काय दिसतंय डोंबल! नुसते चौकोन!" मी ओरडले. "तुझं तोंड कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते, तेच कळेना मला."

हातातलं कापड तिने कॅमेऱ्याच्या आणखी जवळ आणलं. माझ्याकडे बारक्या निळ्या चौकोनांच्या जागी मोठे निळे चौकोन आले, इतकाच फरक. मी म्हटलं, "बास, बास, ठेव आता." तरी तिने कापड खाली केलं नाही. मला वाटलं, हट्टी कार्टी, माझ्यावरच गेलीय.

मी सोफे शिवते. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली बाकडी, नाटकगृहातल्या फाटक्या सीटा. दुकान इमारतीच्या तळघरात आणि घर त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत. नवरा होता तेव्हा दुकान त्याचं होतं, तो गेला आणि माझं झालं. दिवसभर जुने खिळे उपटायचे, कुजका स्पंज ओरबाडून काढायचा, पट्टे ताणायचे, रेक्झिन ओढून ठोकायचं. माझ्या रागाला या धंद्यात चांगली नोकरी मिळालीय. बरणीचं झाकण निघालं नाही की अख्खी इमारत माझ्याकडे येते.

आमच्या घरात एक रीत आहे. दिवसाचा शेवटचा टाका दाखवायचा. ठमी, म्हणजे माझी लेक, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून सुई ठेवायच्या आधी माझ्यासमोर कापड धरायची. टाका वाकडा असला की मी म्हणायचे, "उसव." सरळ असला की म्हणायचे, "हं." आमच्याकडे 'हं' म्हणजे मोठं बक्षीस. लग्न होऊन ती टेम्पोने तासाभराच्या अंतरावर गेली, घरी बसून उशांचे अभ्रे शिवू लागली, तरी रीत मोडली नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायचा, गप्पा मारायच्या, आणि शेवटी अभ्र्याची हातशिलाई कॅमेऱ्यासमोर धरायची. मी बघणार, हं म्हणणार, मगच फोन ठेवायचा. ही माझी दिवसभराची कमाई. तळघरात मोबाईलची रेंज येत नाही, म्हणून मोबाईलवर नेट न घेता केबलचं घेतलं, तेही ह्याच्याचसाठी.

आणि नेमकं तेच बिघडलं. कधीपासून? जावईबापूंनी मोडेम बदलला तेव्हापासून.

जावईबापूंबद्दल सांगते. कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला. आवाज असा मऊ की तापलेल्या दुधावर साय धरावी. "आई, तुम्ही दमत असाल." "आई, तुम्ही जेवलात का?" मी इमारतभर सांगत फिरायचे की मुलगा असावा तर असा. एका रविवारी ते नवा डबा घेऊन स्वतः हजर झाले. "आई, तुमचा मोडेम बाद झालाय. कधी बंद पडेल सांगता येत नाही." जुन्याचा एक दिवा जात नव्हता की येत नव्हता, एवढंच त्याचं दुखणं, पण म्हटलं, यांना जास्त कळतं. ठमी नव्हती आली बरोबर. "तिला जरा कणकण आहे," म्हणाले. मग माझ्याच खुर्चीत बसून बराच वेळ स्वतःच्या फोनवर बोटं फिरवत राहिले. उठताना म्हणाले, "वायफायचा पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलाय. आतल्या सेटिंगचा माझ्याकडे ठेवतो. तुमच्या डोक्याला कशाला ताप?" मी त्यांना जाताना दारापर्यंत पोचवायला गेले, इतकं कौतुक.

त्या संध्याकाळपासून ठमीचे चौकोन झाले.

मी काय काय केलं नाही! मोडेम बंद करून चालू केला. उंच फळीवर ठेवला, मग जमिनीवर ठेवला, मग खिडकीत. केबलचा पेच पकडीने इतका आवळला की धातू कुरकुरला. रेंजसाठी जिना चढून कंपनीला फोन लावला, तर एक गोड गळ्याची बाई म्हणे, "मॅडम, मोडेम बंद करून चालू करून बघा." मी म्हटलं, "तू माझ्यासमोर ये, मग तुलाच बंद करून चालू करते." तिने फोन ठेवला. मी पुन्हा लावला.

शेवटी त्यांचा माणूस आला. पोट सुटलेला, घाम पुसत, जिने उतरतानाच वैतागलेला. त्याने टीव्हीकडे जाणारा फाटा काढून टाकला, केबलचं टोक कापून नवं बसवलं, आणि आपला लॅपटॉप जोडून मला दाखवला. "बघा बाई, स्पीड पूर्ण येतोय. एक थेंब गळत नाहीये."

"मग हे काय आहे?" मी माझा फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्यावर एक व्हिडिओ लावला होता, आणि तो चिखलात रुतल्यासारखा जागच्या जागी फिरत होता.

"फोन जुना झालाय तुमचा."

"फोन तोच आहे! मोडेम बदलला आणि बिघडला! मोडेम बदलल्यावर फोन म्हातारा होतो का रे?"

त्याने खांदे उडवले. मी त्याची खांद्याला लावलेली पिशवी धरून ओढली, तर तिचा पट्टा तुटला आणि सगळ्या पकडी, टोपणं, तारा जमिनीवर सांडल्या. तो गोळा करत शिव्या देत गेला. माझं काही तेवढ्याने भागलं नाही. त्याच रात्री पुन्हा जिन्यात जाऊन जावईबापूंना फोन केला.

"आई, कंपनीचा माणूस बरोबर बोलतोय," ते मऊपणे म्हणाले. "लाईन चांगली आहे. म्हणजे कोणीतरी तुमचं नेट चोरतंय. भिंतीपलीकडे कोण राहतं?"

भिंतीपलीकडे पिपाणीवाला राहतो. खरं तर तो ट्रम्पेट वाजवतो, बँडमध्ये आहे, पण भिंतीच्या या बाजूला त्याची पिपाणीच होते. अंगाने हा एवढा मोठा, आणि बोलणं मात्र पुटपुटल्यासारखं. वर्षानुवर्षं मी भिंतीवर हातोडी ठोकून त्याला गप्प करत आलेय. आता हा मेला माझ्या लेकीचं तोंड खातोय म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ठमीच्या फोनच्या जरा आधी, मी त्याचं दार बडवलं. त्याने दार किलकिलं केलं. मी लाथ घातली. दार फाडकन त्याच्या नाकावर बसलं, आणि तो "अगं आई गं" करत मागे गेला. मी आत शिरून त्याची कॉलर धरली आणि त्याला कपाटावर आपटलं. वरचं काहीतरी काचेचं खाली येऊन फुटलं.

"माझं नेट चोरतोस? लाज वाटत नाही, रेड्यासारखा वाढलास तो?"

"बाई! बाई, सोडा! माझं स्वतःचं नेट आहे हो!" त्याच्या नाकातून रक्त ओठावर आलं होतं. "तो बघा, तो कोपऱ्यात! मला तुमचा पासवर्ड कोण देणार? तुम्ही मला कधी साधं हसूनसुद्धा दाखवलं नाहीत!"

कोपऱ्यात खरंच एक मोडेम होता. माझ्या जुन्यासारखाच, धूळ बसलेला. माझे हात ढिले पडले, पण कॉलर मी लगेच सोडली नाही. चूक झाली हे कळायला मला नेहमीच थोडा वेळ लागतो.

त्याने नाकात कापूस कोंबला. वाटलं, आता पोलिसांत जाईल. पण तो रागवण्याऐवजी इरेला पेटला. "चला तुमच्या घरी," म्हणाला. "मी चोर नाही हे तुमच्या डोळ्यांनी बघा." तो माझ्या घरी आला, डब्याच्या बुडाचा पासवर्ड टाकला, आणि त्याच्या फोनवर बँडचा एक व्हिडिओ लावला. चित्र इतकं स्वच्छ की वाजवणाऱ्याच्या गालावरचा तीळ दिसत होता. माझ्या फोनवर तोच व्हिडिओ लावला. चिखल.

"म्हणजे तुमचा फोन गेला," तो म्हणाला.

"कंपनीवालाही तेच म्हणाला."

"माझ्या नेटवर लावून बघू."

आम्ही परत त्याच्या घरी. फुटलेल्या काचा ओलांडून त्याने माझा फोन त्याच्या वायफायला जोडला. व्हिडिओ लावला. तीळ दिसला. गालावरचा बारीक केससुद्धा दिसला.

आम्ही दोघं त्या फोनकडे बघत उभे राहिलो.

"तुमचं नेट चांगलं. तुमचा फोन चांगला," तो पुटपुटला. "दोघं एकत्र आले की वाईट. लग्नासारखंच झालं की हे."

मी हसले नाही. तोही नाही हसला. कापूस नाकात आणखी दाबून म्हणाला, "बाई, कोणीतरी आतून तुमच्या एकटीच्या फोनचा गळा आवळलाय. मोडेमच्या सेटिंगमधून तसं करता येतं. भाचा राहायला येतो तेव्हा मीही करतो त्याच्या फोनला, नाहीतर पुस्तक उघडत नाही. आतला पासवर्ड कोणाकडे आहे?"

मी तोंड उघडलं, आणि माझ्या हातातला फोन वाजला. ठमी.

"आई, दिसतंय का?"

दिसत होतं. सगळं दिसत होतं. कितीतरी दिवसांनी मला माझ्या लेकीचं तोंड दिसत होतं, आणि तिला ते माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हणूनच तिने चेहरा वळवला नव्हता, दिव्याकडे पाठ केली नव्हती, केस पुढे ओढले नव्हते. डावा डोळा सुजून बारीक झालेला. जबड्याखाली जुना पिवळा डाग आणि त्यावर नवा जांभळा. खालचा ओठ फाटून परत जुळलेला. पिपाणीवाला माझ्या खांद्यावरून बघत होता.

तिच्या मागे खुर्चीत जावईबापू बसले होते. पाय पसरून, फोन बघत.

"दिसतंय का?" ठमीने पुन्हा विचारलं, आणि नेहमीसारखा अभ्रा कॅमेऱ्यासमोर धरला.

आता हे नीट ऐका. हाताने शिवताना उजव्या हाताचा टाका एका अंगाला झुकतो. डाव्या हाताने शिवलं तर दुसऱ्या अंगाला. माझी ठमी उजवी. तिचा टाका मी हजारांत ओळखेन, मीच हात धरून शिकवलाय. अभ्र्यावरचा प्रत्येक टाका उलटा झुकला होता. वेडावाकडा, लहान पोरीने घातल्यासारखा, आणि उलटा. अभ्रा डाव्या हाताने धरला होता. उजवा हात मांडीवर होता. त्याची दोन बोटं लाकडी पट्टीच्या तुकड्याला चिंधीने बांधली होती.

"आई, आज कसं काय आहे नेट?" मागून मऊ आवाज आला. त्यांनी मान वर केली होती.

मला ओरडायचं होतं. पण मी ओरडले असते तर फोन बंद झाला असता, आणि ती आत राहिली असती.

"तसंच आहे हो, जावईबापू," मी म्हटलं. "नुसता चिखल."

"अरेरे," ते म्हणाले.

"ठेवते गं, ठमे. काम पडलंय."

तिने अभ्रा खाली घेतला. तिच्या तोंडावर जे आलं ते मी बघितलं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आई गेल्यावर पोराच्या तोंडावर येतं तसं काहीतरी होतं ते. फोन बंद झाला. इथून पुढे मी जावयाला अहो-जाहो करणार नाही.

"पोलीस बोलावतो," पिपाणीवाला म्हणाला.

"बोलवा. पण गाडीतून बोलवा."

मी हातोडी घेतली. कामाचा अंगरखा घातलेलाच होता, त्याच्या खिशात जे असायचं ते होतं. सोफे पोचवायचा टेम्पो मी असा हाकला की मागे रचलेल्या खुर्च्या एकमेकींवर आदळत होत्या. पिपाणीवाला एका हाताने दार धरून दुसऱ्या हाताने पोलिसांना पत्ता सांगत होता, आणि मधेच मला म्हणत होता, "बाई, लाल दिवा! बाई, लाल!" मी वाटेत त्याला सगळं सांगितलं. मोडेम कोणी आणला, आतला पासवर्ड कोणाकडे, चोर भिंतीपलीकडे आहे हे कोण म्हणालं. तो म्हणाला, "स्वतःच्या घरचं नेट का नाही दाबलं त्याने?" मी म्हटलं, "मग पोरगी दुसऱ्या कोणाच्या घरून फोन करेल तर? असं केलं की ती कुठूनही बोलो, खापर माझ्याच डब्यावर." हे बोलताना माझ्या दातांचा आवाज मलाच ऐकू आला.

दिवस पुरता मावळला नव्हता. जावयाच्या जिन्यात कोणाच्या तरी घरच्या जेवणाचा वास भरला होता. मी दार वाजवलं. त्याने उघडलं, आणि माझ्याकडे बघून हसला.

"आई! तुम्ही अशा अचानक?"

"बाजूला हो," मी म्हटलं. लग्नापासून मी त्याला तुम्ही म्हणत आले होते. "बाजूला हो रे."

त्या एका शब्दानेच त्याला कळलं. हसू तसंच ठेवून त्याने दार लोटलं. मी फटीत हातोडी घातली आणि खांदा दिला. मी दिवसभर सोफे उचलते, तो दिवसभर बोटं फिरवतो. दार उघडलं, तो मागे धडपडला, आणि पहिला घाव त्याच्या मनगटावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला. तो ओरडला, आणि त्याच्या आवाजातला मऊपणा जो गेला तो गेलाच. पुढचं सगळं तो रेकतच बोलला.

मी म्हणत नाही की मी जिंकले. माणूस तरुण होता. त्याने दुसऱ्या हाताने स्टूल उचलून माझ्या तोंडावर घातलं. माझा पुढचा दात तुटला, मी तो थुंकला. हातोडी टेबलाखाली गेली. मी त्याच्या केसांना धरून त्याचं डोकं भिंतीवर दिलं, त्याने मला पोटात गुडघा घातला, आणि मी पडले. मग तो माझ्या छातीवर बसला आणि चांगल्या हाताने त्याने माझा गळा धरला. अंगठा असा नेमका ठेवला की मला समजलं, हा हात या कामाला सरावलाय. खोली दोन्ही कडांनी काळी व्हायला लागली.

मी अंगरख्याच्या खिशात हात घातला. खिशात दाभण असतं. जाड रेक्झिनमधून सुतळी ओढायची वाकडी सुई, वीतभर. मी ते त्याच्या मांडीत मुठीपर्यंत घातलं आणि फिरवलं.

त्या किंकाळीने अख्खी इमारत दारात आली असेल. तो माझ्यावरून लोळला. तेवढ्यात जिने चढून धापा टाकत पिपाणीवाला आत आला, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि काही न बोलता जाऊन त्याच्या पाठीवर बसला. सगळा. तो खालून शिव्या देत होता, पण अर्ध्याच, कारण पूर्ण द्यायला श्वास पुरत नव्हता.

ठमी खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. अभ्रा छातीशी धरून. मी भिंतीला धरून उठले आणि तिच्याकडे हात पसरले. मला वाटलं, धावत येईल.

ती आली नाही.

"आता का आलीस?" ती म्हणाली.

मला कळेना. माझ्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. "आता का म्हणजे? आता दिसलं, आता आले!"

"खोटं बोलू नको, आई." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला रोज दिसत होतं. यांनी मला दाखवलंय. यांच्या फोनवर दिसतं, तुझ्या घरी नेट किती आहे ते. रोज पूर्ण असायचं. म्हणायचे, तुझ्या आईला सगळं स्वच्छ दिसतं. तिला बघायचं नाहीये. चौकोन चौकोन करून नाटक करते. मुलगी परत आली तर नको आहे तिला. मी नव्हते मानत. म्हणून रोज टाका धरायचे तुझ्यासमोर. हे इथेच बसलेले असायचे, बोलता तर येत नव्हतं. म्हटलं, तोंड नाही बघितलं तरी माझी आई टाका बघेल. बघितल्याशिवाय राहणारच नाही. आज तरी म्हणेल, उलटा का. रोज धरला. तू म्हणायचीस, बास, ठेव आता."

मला त्या स्टुलाच्या घावाने जेवढं लागलं नव्हतं तेवढं ते लागलं. मी खाली वाकून टेबलाखालची हातोडी काढली आणि त्या जमिनीवरच्या डोक्याकडे निघाले. मी थांबले नसते, हे मी पोलिसांनाही सांगितलं. पिपाणीवाल्याने दोन्ही हात त्याच्या डोक्यावर धरले.

"बाई, नको!" तो म्हणाला. "माझ्या हातांवर बसेल तो घाव, आणि मला वाजवायचंय अजून. याचा फोन घ्या. मुलीला द्या. तिलाच बघू दे."

फोन खुर्चीखाली पडला होता. जावयाने खालून हात मारला, तर पिपाणीवाला जरा जास्त नीट बसला. मी फोन ठमीसमोर धरला. तिने तो डाव्या हातात घेतला, अंगठ्याने उघडला. ते ॲप तिला ठाऊक होतं. वर माझ्या घरचा स्पीड मोठ्या आकड्यात होता. तेवढाच त्याने तिला दाखवला होता. तिने बोट खाली ओढलं. खाली कंपनीवाल्याचा लॅपटॉप, आणि पिपाणीवाल्याचा फोन, तासाभरापूर्वी जोडलेला. आणि सगळ्यात खाली, 'सासूबाई'. तो माझा फोन. बाकी कोणापुढे काही नव्हतं. सासूबाईंपुढे एक कासवाचं चित्र होतं, पोरांच्या पुस्तकात असतं तसं, हसरं.

ठमी त्या कासवाकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझा तुटका दात, गळ्यावरचे वळ, सगळं सावकाश बघितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी तिच्यासमोर बसले. मला तिला सांगायचं होतं की मी कंपनीच्या माणसाच्या पिशवीचा पट्टा तोडला, एका निरपराध माणसाचं नाक फोडलं, मोडेमला झोडपलं, सगळं तिला बघता यावं म्हणून. त्याऐवजी मी तिच्या कुशीतला अभ्रा घेतला. दिव्याकडे तिरका धरला. शिवणीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घरी करते तसं.

"टाका उलटा आहे, ठमे," मी म्हटलं. "उलटा का?"

तिने चिंधी बांधलेला उजवा हात मांडीवरून उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"हात मोडलाय, आई," ती म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात. "ह्याने मोडला."

जिन्यात पोलिसांचे बूट वाजत होते. मी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि एकेक बोट बघत बसले.